पाणकोंबडीने सोडलेलं पाणी

माझ्या नणंदेला गल्लीत सगळे पाणकोंबडी म्हणतात. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नाही, पण त्यांना ते ठाऊक आहे आणि त्याचा त्यांना राग नाही. "कोंबडी तर कोंबडी, बुडत तर नाही ना," म्हणतात. मी त्यांना वन्सं म्हणते. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्यांदा तशी हाक मारली, तर म्हणाल्या, "अगं, हा शब्द ऐकला की सगळे दात पडल्यासारखं वाटतं मला." पण मी तो सोडला नाही, आणि त्यांनी पुढे तो सोसला.

वन्सं शाळेची व्हॅन चालवतात. सकाळी मुलं पोचवायची, दुपारी घरोघर सोडायची. उरलेला सगळा वेळ पाण्यात. त्या वॉटरपोलो खेळतात. हा शब्द ऐकला की लोक आधी घोडे शोधतात. घोडे नसतात. सात जणी या बाजूला, सात जणी त्या बाजूला, पाणी डोक्यावरून जाईल एवढं खोल, आणि तळाला पाय टेकवायचा नाही. तरंगत राहायचं, एका हाताने चेंडू झेलायचा, एका हाताने फेकायचा आणि समोरच्या जाळीत घालायचा. दोन्ही हात वापरायची मुभा फक्त गोलकीपरला. वन्सं गोलकीपर. मी त्यांना पहिल्यांदा चेंडू अडवताना पाहिलं तेव्हा कमरेपर्यंत पाण्याबाहेर उसळल्या. मला वाटलं, खाली कोणीतरी स्टूल ठेवलंय.

त्यांच्या संघातल्या बहुतेक पोरी कधीकाळी त्यांच्याच व्हॅनमधून शाळेत गेलेल्या. आता मोठ्या झालेल्या, नोकऱ्या करणाऱ्या. एक औषधाच्या दुकानात काम करायची, ती डावखुरी. तिला सगळे डावखुरीच म्हणायचे, कारण या खेळात डावा हात म्हणजे सोनं. ती गोलच्या उजव्या अंगाने आली की समोरच्या बायका गोंधळून जायच्या. मला पोहता येत नाही. मी काठावर बसून टॉवेल सांभाळायचे आणि घड्याळ लावायचे.

आता त्या तलावाबद्दल. शहराचा सार्वजनिक तलाव, क्रीडा मंडळाच्या ताब्यातला. एके वर्षी त्याचा पंप बंद पडला आणि पाणी फिरायचं थांबलं. आधी ते नुसतं गढूळ झालं, मग हिरवं, मग त्यावर दुधावर धरावी तशी साय धरली. कडेच्या जाळीत केसांचे पुंजके अडकलेले, त्यात कोणाच्या तरी जखमेवरची चिकटपट्टी. भिंतीला हात लावला की बुळबुळीत. पोरी त्यातच उतरायच्या. कोणाचा कान वाहायचा, कोणाच्या मानेवर पुळ्या यायच्या. डावखुरी दुकानातून मलम आणायची आणि काठावर बसून एकमेकींना लावायच्या. सरावाआधी वन्सं स्वतः जाळीत हात घालून ते पुंजके काढायच्या.

"यात उतरायचं कशाला?" मी एकदा विचारलं.

"नाही उतरलो तर म्हणतील, बघा, कोणी येतच नाही. आणि कुलूप घालतील."

म्हणून त्या मंडळाच्या चिटणिसाकडे गेल्या. सोबतीला मी. चिटणिसाच्या खोलीत भिंतभर फोटो, सगळे एकाच खेळाचे. त्या एका खेळासाठी मैदान, मैदानाला कुंपण, नवे दिवे, खेळाडूंना बूट. चिटणीस गाडीच्या किल्लीने कान कोरत बसला होता. किल्ली बाहेर काढायचा, टोकाला काय आलंय ते उजेडात धरून पाहायचा आणि टेबलाच्या खालच्या अंगाला पुसायचा. बोलणं चालूच.

"कुठला खेळ म्हणालात बाई?"

"वॉटरपोलो."

"घोड्यांचं मैदान नाही आपल्याकडे."

वन्संनी समजावून सांगितलं. त्याने मान डोलावली. "बरं. बघायला लोक किती येतात?"

"पाणी स्वच्छ झालं की येतील."

"लोक यायला लागले की पाणी स्वच्छ करू," चिटणीस म्हणाला आणि दुसरा कान कोरायला घेतला.

बाहेर आल्यावर वन्संनी व्हॅन सुरू केली. मग म्हणाल्या, "याला लोक हवेत ना? आणू लोक."

तिथून ती मोहीम सुरू झाली. व्हॅनच्या मागच्या काचेवर पाटी लागली, "आमच्या तलावाला पंप द्या." व्हॅनमधली मुलं सिग्नलला खिडकीतून तेच ओरडायची. दर रविवारी सकाळी सर्वांसाठी सामना ठेवला. संघ एकच, म्हणून आपसातच दोन बाजू पाडायच्या. पहिल्या रविवारी पाच जण आले, त्यातले दोघे सावलीसाठी. वन्सं दुकानादुकानांत गेल्या, दवाखान्यांत गेल्या, आपल्या मुलांच्या आईबापांना गाडीच्या दारात उभं करून बोलल्या. काही जणांनी मनापासून ऐकलं. बहुतेकांनी "बघू" म्हटलं. मोठ्या खेळाला मात्र तेच लोक न मागता वर्गणी द्यायचे. आम्हाला कोणी पाण्यात पाहत नव्हतं, एवढंही कोणाचं आमच्याकडे लक्ष नव्हतं.

मग एक बातमीदार आला. आम्हाला केवढा आनंद. वन्संनी त्याला जाळी दाखवली, बंद पंप दाखवला, पोरींचे कान दाखवले. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे पोहायचे कपडे एवढे घट्ट लागतातच का?" दुसऱ्या दिवशी फोटो छापून आला. पंपाचा नाही. काठावरून वर चढणाऱ्या दोन पोरींचा, मागून, मानेच्या खालचा. खाली लिहिलं होतं, "शहरातल्या जलपऱ्या." वन्संनी तो कागद पाहिला आणि दोन बोटांत उंदीर धरावा तसा धरून कचऱ्यात टाकला. त्या आठवड्यात एकीच्या सासऱ्यांनी तिचं येणं बंद केलं. दुसरीच्या वडिलांनी तिची टोपी खिडकीतून रस्त्यावर भिरकावली. फोटो काढणाऱ्याला कोणी काही म्हणालं नाही.

एवढ्यात तोटीशेठ उगवले. हे आम्ही ठेवलेलं नाव. त्यांचं न्हाणीघराच्या सामानाचं भलंमोठं दुकान, नळ, तोट्या, फरश्या, पंप. त्यांनी स्वतः निरोप धाडला. पंप देतो, गाळणी देतो, फुटलेल्या फरश्या बदलून देतो, तलाव उपसून ताजं पाणी भरून देतो. बदल्यात दारावर आपल्या दुकानाची पाटी. यात वावगं काय? आमच्या ह्यांनी तर टाळीच दिली. "ताई, कुठून तरी देव पावला."

दुकानात शेठनी वन्संचा हात हातात घेतला तो सोडेनात. घामेजलेला, मऊ हात, त्यावर अत्तराचा थर. "मॅडम, तुमच्या मुली म्हणजे मला माझ्या लेकींसारख्या." असं म्हणताना बोटांनी मनगट चाचपत होते. रस्त्यावर आल्यावर वन्संनी तो हात रुमालाला पुसला, मग व्हॅनच्या सीटला पुसला, मग पाण्याच्या बाटलीने धुतला.

"नको वाटत असेल तर नाही म्हणा," मी म्हटलं.

"पोरींचे कान वाहतायत," त्या म्हणाल्या. "माझ्या हाताचं काय एवढं."

पंप बसला. फरश्या बसल्या. नवं पाणी आलं तेव्हा आम्ही सगळ्या काठावर नुसत्या बघत उभ्या राहिलो. तळाच्या काळ्या रेघा दिसत होत्या. डावखुरीने ओंजळीत पाणी घेऊन वास घेतला आणि हसली. वन्सं उतरल्या आणि तळाशी जाऊन बसल्या, मजेत, एखाद्या बाकावर बसल्यासारख्या.

उद्घाटनाला रविवार ठरला. मांडव, खुर्च्या, लाऊडस्पीकर. यावेळी माणसं खरोखरच आली. शेठनी फीत कापली, चिटणिसाने भाषण केलं की मंडळाने या खेळावर पहिल्यापासून माया केली. मी वन्संच्या तोंडाकडे पाहिलं. कडू औषध जिभेवर धरून बसल्यासारखं तोंड. पोरी छान खेळल्या. लोक टाळ्या वाजवत होते. डावखुरीने तिच्या त्या कोपऱ्यातून एक गोल असा मारला की मागच्या खुर्च्यांवरची माणसं उभी राहिली.

आणि मग लाऊडस्पीकरवरून जाहीर झालं की आता शेठ आणि त्यांचे मित्र मुलींशी मैत्रीचा सामना खेळणार.

हे आम्हाला कोणी विचारलं नव्हतं. ती मंडळी तोवर बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीत बसून पीत होती, हेही तेव्हाच कळलं. पाच-सहा जण, पोटं सुटलेले, चड्ड्यांवर, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत बाहेर आले. चिटणीस पंच. गळ्यात शिटी. पोरींनी वन्संकडे पाहिलं. वन्संनी खुर्च्यांवरच्या लोकांकडे पाहिलं, नव्या पंपाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "थोडा वेळ. पास द्या आणि लांब राहा."

वॉटरपोलोत लबाडी चालते ती पाण्याखाली. वर सगळं सभ्य दिसतं. हे खेळणाऱ्या प्रत्येकीला माहीत असतं, आणि नियमात राहून एकमेकींचे पाय ओढणं त्यांनाही येतं. पण ही माणसं चेंडूच्या मागे नव्हती. चेंडू एका टोकाला आणि ती दुसऱ्या टोकाला. एक पोर किंचाळली, लोक हसले. दुसरी पाय झाडत बाजूला झाली. मग डावखुरी खाली गेली ती लवकर वर आलीच नाही. आली तेव्हा खोकत होती, खांद्यावरचा पट्टा तुटलेला, तो एका हाताने धरलेला. तिच्या पाठोपाठ शेठ वर आले, फुरफुरत, हसत. चिटणिसाच्या तोंडात शिटी होती, ती त्याने वाजवली नाही. तोही हसत होता.

डावखुरी पोहत गोलपाशी आली. "ताई, ही माणसं खेळत नाहीयेत."

"बाहेर," वन्सं म्हणाल्या. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "पोरींनो, सगळ्या बाहेर!"

पोरी बाहेर आल्या. मी टॉवेल वाटत सुटले. डावखुरीने टॉवेल गळ्यापर्यंत घट्ट गुंडाळून घेतला. शेठ पाण्यातून ओरडले, "अहो मॅडम, चिडताय काय? खेळात चालायचंच!"

वन्सं पाण्याबाहेर आल्या. त्या तशाच ओल्या, अनवाणी, पंपाच्या खोलीत गेल्या. तिथे तळाची मोरी उघडायचं लोखंडी चाक होतं. ते फिरवल्याचा करकर आवाज मला ऐकू आला. मग त्या ते चाकच काढून हातात घेऊन बाहेर आल्या, मांडवातून, खुर्च्यांच्या मधून, थेट व्हॅनपर्यंत गेल्या, आणि ते चाक मुलांची दप्तरं ठेवायच्या जागी ठेवून दार लावून घेतलं. परत येऊन काठावर खुर्ची टाकून बसल्या.

तलाव काही बादलीसारखा रिकामा होत नाही. बराच वेळ कोणाच्या काही लक्षातच आलं नाही. मंडळी डुंबत होती, एकमेकांवर पाणी उडवत होती. मग कोणीतरी नव्या फरशीवरची ओली रेघ पाहिली. पाणी तिच्याखाली उतरलं होतं.

"पाणी चाललंय!" शेठ ओरडले. "अहो, माझं पाणी चाललंय!"

"चाललंय," वन्सं म्हणाल्या. "त्या पाण्यात आता माझ्या पोरी उतरणार नाहीत."

चिटणीस धावत पंपाच्या खोलीत गेला आणि तसाच परत आला. शिव्या सुरू झाल्या. त्या मी इथे सांगत नाही. खुर्च्यांवरची काही माणसं हळूच उठून निघून गेली, काही मात्र शेवटपर्यंत बसून राहिली, तमाशा फुकट होता म्हणून. चड्डीवरचे मित्र उथळ होत जाणाऱ्या पाण्यात उभे, पोटं झाकायला हात पुरेनात. लोक म्हणतात ना, अमक्याने अमक्यावर पाणी सोडलं. आमच्या वन्संनी ते खरोखर सोडलं.

पण शिसारी आली ती यापुढच्या गोष्टीची. शेठ काय, चिटणीस काय, ती माणसं तशीच होती. संध्याकाळी आमच्या घरी पोरींचे आईबाप जमले. मला वाटलं, आता हे चवताळून शेठच्या दुकानावर जातील. एकाने विचारलं, "पंप काढून नेणार का ते?" दुसऱ्याच्या मते अशा गोष्टी हसून टाळता येतात. तिसरी बाई म्हणाली, "पट्टा तुटला, तर शिवून घेता आला असता." आणि आमचे हे, सख्खा भाऊ, चहाचा कप हातात धरून म्हणाले, "ताई, दगडापेक्षा वीट मऊ. थोडं सोसलं असतं तर पाणी तरी राहिलं असतं."

मी ह्यांच्या हातातला कप काढून घेतला. त्या क्षणी त्या हाताला कप द्यावासा वाटेना.

वन्सं म्हणाल्या, "मीही तेच म्हटलं होतं. थोडा वेळ, म्हटलं. तुम्ही सगळे आता म्हणताय ते मी त्या काठावर आधीच म्हणून चुकले. त्याची मला जेवढी किळस आलीय तेवढी त्या शेठचीही नाही."

मग डावखुरीची आई, जी दाराजवळ उभी होती आणि आत आलीच नव्हती, म्हणाली, "माझी लेक खेळणार. कुठे ते तुम्ही बघा." आणि निघून गेली.

मंडळाने तलावाला कुलूप घातलं. सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान, म्हणे. शेठनी शाळेत फोन केला, की असल्या बाईच्या हातात लेकरं कशी देता. व्हॅनमधली निम्मी मुलं गेली. वन्सं रोज सकाळी रिकाम्या सीट घेऊन निघायच्या, आणि त्या मुलांच्या दारांवरून जाताना हॉर्न वाजवायचा हात आवरून धरायच्या. पोलिसांतही गेलो. तिथल्या माणसाने विचारलं, "पाण्याखाली कोणी पाहिलं?" डावखुरी म्हणाली, "मी होते पाण्याखाली." त्याने पेन खाली ठेवलं.

मग पुन्हा पायपीट. यावेळी वन्सं पाटी, मांडव, बातमीदार यांच्या नादाला लागल्या नाहीत. जिथे जिथे खोल पाणी आहे तिथे तिथे गेल्या. एका हॉटेलवाल्याने पाहुणे नाराज होतील म्हणून नाही म्हटलं. शेवटी अग्निशमन दलाच्या ठाण्यात. तिथे पाणबुड्यांच्या सरावाची टाकी आहे, उघडी, सिमेंटची, चांगली खोल. ठाण्याचा प्रमुख बूट पुसत बसला होता.

"तलाव रिकामा केलात त्या तुम्हीच ना?" त्याने विचारलं.

मी मनात म्हटलं, झालं, चला.

"मीच," वन्सं म्हणाल्या.

"माझी बहीण त्या दिवशी खुर्च्यांवर होती. घरी येऊन तिने सगळं सांगितलं मला." त्याने दुसरा बूट घेतला. "टाकी लहान आहे. दोन गोल मावणार नाहीत."

"एक मावेल?"

"मावेल."

त्या टाकीत एका गोलवर सराव सुरू झाला. सुटलेल्यांपैकी एक परत आली, सासऱ्यांना न विचारता. कशाबशा सात जणी. बदलायला पत्र्याची खोली आणि तिला आतून कडी. वन्संनी पहिल्या दिवशी ती कडी तीनदा लावून पाहिली. सामने खेळायला परगावी जायचं, त्याच निम्म्या रिकाम्या व्हॅनमधून. पहिले सगळे हरलो. पूर्ण लांबीचं पाणीच पोरींना मिळत नव्हतं, अर्ध्यातच दम संपायचा. पण दुसऱ्या वर्षी एका गावच्या संघाला आम्ही पाणी पाजलं, आणि डावखुरीला राज्याच्या संघाच्या निवडीचं बोलावणं आलं. ती आता त्या संघाबरोबर असते.

ती निवडली गेल्यावर आठवड्याभरात चिटणीस आमच्या दारात. हातात फुलं. मंडळाच्या समितीवर बायका असाव्यात असा वरून हुकूम आलाय, आणि "आपल्या डावखुरीला घडवणाऱ्या बाईंशिवाय" त्याला दुसरं नाव सुचेना. आपल्या. हा शब्द ऐकून माझ्या तोंडाला पाणी सुटलं, ओकायच्या आधी सुटतं तसं. मी मनात म्हटलं, वन्सं आता ही फुलं याच्या तोंडावर फेकणार.

वन्संनी विचारलं, "समितीत मत देता येतं?"

"येतं की."

"येते मी."

तो गेल्यावर मी त्यांच्यावर तुटून पडले. त्या माणसाच्या शेजारी बसणार? त्याच टेबलाशी? वन्संनी फुलं कागदासकट कचऱ्याच्या डब्यात कोंबली. "जाळीतले केस मी कशाने काढायचे गं?" म्हणाल्या. "हातानेच ना? चिमटा नव्हता माझ्याकडे."

आता महिन्यातून एकदा त्या तिथे जातात. तलावाचं कुलूप काढावं आणि तो खेळासाठी खोलच ठेवावा, असा ठराव मांडतात. शेठला तिथे गुडघाभर पाण्याची घसरगुंडी करायची आहे आणि समितीतले बाकी सगळे आजवर त्यांच्याच बाजूने होते. वन्संचा ठराव पडतो. चिटणीस दरवेळी त्यांच्यापुढे बिस्किटांची बशी सरकवतो, कान कोरलेल्या त्याच हाताने, आणि त्या ती परत सरकवतात. मागच्या बैठकीत पहिल्यांदाच आणखी एक हात त्यांच्या बाजूने वर झाला, एका म्हाताऱ्या धावपटूचा, ज्याच्या धावपट्टीवर मंडळाने मोटारी लावू दिल्या आहेत.

त्या दिवशी वन्सं घरी आल्या, कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले, आणि ओट्याला टेकून मला सगळी बैठक साग्रसंगीत सांगितली, चिटणिसाच्या किल्लीसकट. ऐकताना मी दोनदा "शी" म्हटलं. मग त्यांनी घड्याळ पाहिलं, टॉवेल खांद्यावर टाकला आणि टाकीवर निघाल्या. नव्या तीन पोरी यायच्या होत्या, त्यातल्या एकीला तर धड तरंगताही येत नव्हतं.